चोवीस लोळणींचे तुकडे

एका जंगलात एक माळ होता. जंगलात माळ कसा काय, असं लगेच विचारू नका. काही ठिकाणी झाडं उगवत नाहीत, एवढं उत्तर आज पुरे. आणि मागच्या ओळीत जो कोणी चिवडा खातोय त्याने तो पुढे पाठवावा. एकट्याने खाऊ नये.

तर माळ होता. गवत, खडे, ऊन, वारा. दुसरं काही नाही. मोठ्या माणसांना असं रिकामं ठिकाण दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. मोठ्या जनावरांचंही तसंच असतं.

त्या माळावर माळूताई नावाची टिटवी राहत होती. टिटवी घरटं बांधत नाही, बाळांनो. ती खड्यांमध्ये बसते, पोटाने जरा जागा करते आणि तिथेच अंडी घालते. माळूताईने चार अंडी घातली होती. ठिपक्याठिपक्यांची, खड्यांच्याच रंगाची. थोडा वेळ ती बसायची, मग तिचा नवरा बसायचा. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, "आमचे हे" म्हणायची. त्यामुळे त्याचं नाव मलाही माहीत नाही.

आता माळाच्या कडेला बघा. तिथे सुगंधराव नावाचं एक उदमांजर राहत होतं. उदमांजराच्या अंगाला ताज्या भाताचा वास येतो, हे मी मनचं सांगत नाही. सुगंधरावांच्या अंगाला तर आंबेमोहोराचा यायचा. ते कुठेही गेले की सगळ्यांना भूक लागायची, आणि भूक लागलेला प्राणी वाद घालत बसत नाही. तो म्हणतो, बरं बरं, आटपा एकदाचं.

या सुगंधरावांना माळावर कारखाने वसवायचे होते. एक नाही, चिक्कार. पण जंगलात कायदा होता. पंचवीस लोळणी किंवा त्याहून मोठ्या जागेवर कारखाने काढायचे असतील तर महातपासणी लावायची, असा तो कायदा.

लोळण म्हणजे काय? सांगतो, दम धरा.

माळ छाननी समिती नावाची एक समिती होती. तिचे अध्यक्ष होते दणकोजी गवा. भला प्राणी. अंगाने डोंगर, मनाने लोणी. जागा मोजायचं काम ते दुसऱ्या कोणावर सोपवत नसत. स्वतः जागेच्या एका टोकाला आडवे पडायचे आणि लोळत लोळत दुसऱ्या टोकाला जायचे. समितीचे चिटणीस भेकरभाऊ शेजारून चालत मोजायचे. दणकोजी एकदा पुरते उलटेपालटे झाले की झाली एक लोळण. मोजणी अगदी अचूक व्हायची. फक्त जिथून दणकोजी लोळले तिथे नंतर काही शिल्लक राहत नसे.

आणि महातपासणी म्हणजे सगळ्या जंगलाला बोलवायचं आणि विचारायचं. पाणी कुठून आणणार, घाण कुठे सोडणार, धूर कोणाच्या नाकात जाणार, तिथे आधीपासून कोण राहतं. शिवाय अख्खा माळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोळून मोजायचा. त्यात उन्हाळा सरायचा, आणि शेवटी उत्तर यायचं, "नको."

सुगंधरावांनी हा कायदा घरी बसून नीट वाचला. बाकीचे लोक कायदा न वाचताच मोडतात आणि पकडले जातात. सुगंधरावांना मोडायचा नव्हता. ते चोवीस लोळणींचा अर्ज घेऊन आले.

समितीची बैठक उंबराखाली भरली. आंबेमोहोराचा वास सुटला. सदस्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"कशासाठी जागा?" दणकोजींनी विचारलं.

"अस्वलाला मध भरायचा कारखाना काढायचाय, अध्यक्षसाहेब. जागा मी करून देतोय."

"पंचवीस लोळणी नाहीत ना?"

"छे छे, चोवीस. पंचविसावीची आमची ऐपत कुठली."

"शेजारी काय आहे?"

"मोकळा माळ."

तेवढ्यात माळूताई उडत आली. "हरकत आहे," ती म्हणाली. टिटवी काही म्हणाली की ते पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जातं. "साहेब, हा एकच तुकडा नाही. यांना सगळा माळ हवाय. आज हा, उद्या तो. तुम्ही सगळा माळ एकदम बघा आणि मग काय ते ठरवा."

आता पाहा, टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असं जुनी मंडळी मानतात. आणि काम करताना अपशकुन झाला तर आपल्याकडे काय करतात? काम सोडून देत नाहीत काही. खाली बसतात, घोटभर पाणी पितात, तोंड गोड करतात आणि पुन्हा कामाला लागतात. समितीनेही तेच केलं. प्रत्येकाने मधाचं एक बोट चाटलं, वर पाणी प्यायलं. मध अस्वलानेच आणला होता.

मग भेकरभाऊंनी लिहून ठेवलं, "हरकत आली. पाणी प्यालो. हरकत संपली."

दणकोजी माळावर जाऊन लोळले. चोवीस भरल्या. अस्वलाला जागा मिळाली.

दोन दिवस गेले नाहीत तोच सुगंधराव परत हजर. आता रानडुकराला विटांची भट्टी लावायची होती. जागा किती? चोवीस लोळणी. शेजारी काय? मोकळा माळ.

"कुठला मोकळा माळ?" माळूताई म्हणाली. "शेजारी अस्वलाचा कारखाना आहे."

"माळूताई," दणकोजी प्रेमाने म्हणाले, "समोर आलेल्या तुकड्यापुरतं बोलायचं. अस्वलाचा तुकडा आज आपल्यासमोर नाही."

"परवा होता की."

"परवा होता. पण परवा हा नव्हता."

"मग दोन्ही एकदम समोर येणार कधी?"

दणकोजींनी डोळे मिटून विचार केला. ते खरंच विचार करत होते, सोंग नव्हतं. मग म्हणाले, "तसा अर्ज अजून कोणी केलेला नाही."

माळूताई कडाडली. समितीने मध चाटला, पाणी प्यायलं. भट्टीला मंजुरी मिळाली.

पुढे सायाळीचा सुया-दाभणांचा कारखाना आला. चोवीस लोळणी. मग तरसाचा हाडांच्या खताचा कारखाना आला. तोही चोवीस. समितीने प्रत्येक तुकडा अगदी मन लावून तपासला. भट्टीचा धूर किती? थोडा. हाडांचा वास किती? थोडा. नाल्यात घाण किती? थोडीच. प्रत्येकाचं थोडं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. माळावर मात्र सगळं एकदम यायचं, कारण वाऱ्याने कायदा वाचलेला नव्हता.

माळूताईने एकही बैठक चुकवली नाही. समितीच्या सदस्यांना तर तिची सवय होऊन गेली. एकदा तिला यायला उशीर झाला तर ते अस्वस्थ झाले. "ताई अजून आल्या नाहीत? हरकत नाही घेणार आज?" मधाचं भांडं उघडून ठेवलेलं होतं.

एका बैठकीनंतर दणकोजी तिच्यामागे चालत आले. "ताई, मला तुमचं दुःख समजतं हो. पण मला सांगा, तुमच्या अंड्यांना आजवर कोणी हात लावला का?"

"नाही लावला."

"मग झालं तर," दणकोजी म्हणाले आणि समाधानाने निघून गेले.

त्यांना घरी जाऊन झोप लागत असणार. माळूताईला लागत नव्हती. भट्टीच्या राखेने अंडी करडी झाली होती आणि ती चोचीने पुसत बसायची. आता अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येऊ लागली होती. पिल्लं बाहेर यायची तयारी करत होती. चारेक दिवस मिळाले असते तरी पुरे होते.

नेमका त्याच वेळी सुगंधरावांनी पाचवा अर्ज टाकला.

चारही कारखाने माळाच्या चार बाजूंना उभे होते. मधला तुकडा तेवढा उरला होता. त्यातून सुगंधरावांना रस्ता काढायचा होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. जागा चोवीस लोळणी. मोजणी परवा सकाळी. त्या चोवीस लोळणींच्या बरोबर मधोमध ती चार अंडी होती.

म्हणजे परवा सकाळी काय होणार होतं, ते कळलं ना? दणकोजी एका टोकाला आडवे पडणार होते. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. ते फक्त लोळत येणार होते.

माळूताई अंड्यांवर येऊन बसली आणि रडली. "इतके दिवस घसा फोडला," ती म्हणाली. "काय मिळालं? त्यांना मध मिळाला."

"उद्या परत हरकत घे," तिचे हे म्हणाले.

"हरकत घेतली की ते पाणी पितात. अर्ज केला की मंजुरी देतात." एवढं बोलून ती डोळे पुसून उठली. "तुम्ही बसा जरा अंड्यांवर. मी जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी उंबराखाली बैठक भरली. सदस्यांनी मधाचं भांडं पुढ्यात घेतलं. माळूताई आली आणि म्हणाली, "अर्ज आहे."

"हरकत म्हणायचंय तुम्हाला," भेकरभाऊ म्हणाले.

"अर्ज म्हणायचंय. मला कारखाना काढायचाय. मधल्या तुकड्यात."

सुगंधराव हसले. ते तिथेच बसले होते. पण समितीत कोणी हसलं नाही. समितीत अर्जाला हसायची पद्धत नव्हती.

"कसला कारखाना?" दणकोजींनी विचारलं.

"उबवणीचा."

"कामगार किती?"

"दोन. मी आणि आमचे हे. दोन पाळ्यांत काम चालतं."

"पाण्याची सोय?"

"हे नाल्यावर जातात आणि पोटाची पिसं भिजवून आणतात. ऊन फार झालं की अंड्यांवर तेवढं पुरतं."

"धूर?"

"आमचा नाही."

"कच्चा माल कुठून आणणार?"

"आणलेला आहे. चार नग."

"जागा किती?"

माळूताईने पंख पसरून दाखवले. भेकरभाऊंनी ते पाहिलं, दणकोजींकडे पाहिलं, मग परत पंखांकडे पाहिलं. "साहेब, ही तर एका लोळणीचीही जागा नाही. तुम्ही आडवे पडलात की तेवढ्यानेच जागा संपते. मोजणार कशी?"

दणकोजींनी मान डोलावली. "मोजता येत नसेल तर मोजू नये. एका लोळणीच्या आत मोजणी माफ. शेजारी काय आहे, ताई?"

माळूताईने क्षणभर चारी बाजूंना पाहिलं. "मोकळा माळ," ती म्हणाली.

दणकोजींना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच नियमाला धरून बोलत होती. ते मंजुरीचा खूर उमटवायला उठले, तेव्हा सुगंधरावांचं हसू पुसलं गेलं.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "असं कसं चालेल? मधोमध हिचा कारखाना आला तर माझा रस्ता कुठून जायचा?"

"तो तुकडा उद्याचा," भेकरभाऊ म्हणाले. "आज समोर नाही."

"अहो, तुकडा कसला घेऊन बसलात?" रागात सुगंधरावांच्या अंगाचा वाससुद्धा बदलला, भात करपल्यासारखा यायला लागला. "अस्वल, डुक्कर, सायाळ, तरस, सगळ्यांना मीच आणलं. सगळ्यांचा माल या रस्त्याने जायचाय. तुकडे नावाला वेगळे आहेत, साहेब. पहिल्या दिवसापासून सगळा मिळून एकच बेत आहे. मधलं काढलं तर बाकीचं मातीमोल होईल."

करपल्या वासाने कोणाला भूकही लागेना, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं होतं. भेकरभाऊ दचकून उभे राहिले. त्यांनी मनात बेरीज केली आणि पुन्हा खाली बसले.

दणकोजींचे कान हलले. "एकच बेत?" ते सावकाश म्हणाले. "सगळं मिळून एकच असेल तर लोळणी पंचवीसच्या कितीतरी वर जातात. मग महातपासणी लावावी लागेल. सगळे कारखाने बंद ठेवून माळ पहिल्यापासून मोजावा लागेल. हवं तर उद्या सकाळपासून लोळायला घेतो. पण तसं कोणीतरी म्हणायला हवं. मी अध्यक्ष आहे. मला आपलं आपण काही सुचून चालत नाही. कोणाची हरकत आहे का?"

सगळे माळूताईकडे बघू लागले.

बाळांनो, आता जरा शांत बसा. हीच जागा आहे जिथे मी सांगताना दर वेळी अडतो.

जे ऐकावं म्हणून ती इतके दिवस ओरडत होती, ते आज खुद्द सुगंधरावांनी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, "होय, हरकत आहे." सगळा माळ सुटला असता. भट्टी विझली असती, हाडं गेली असती, नाला परत निवळला असता.

आणि उद्या सकाळी दणकोजी माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळत गेले असते. अंड्यांमध्ये टकटक चालू होती. तिच्या अर्जावर अजून खूर उमटला नव्हता, आणि तोवर ती अंडी कारखाना नव्हती, नुसतीच अंडी होती.

माळूताईने माळाकडे पाहिलं. तिचा जन्म तिथला होता. तिची आई त्याच खड्यांमध्ये बसायची. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सुगंधरावांनाही एव्हाना आपण काय बोलून गेलो ते उमगलं होतं. ते डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी हरकत येऊ नये म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले.

"बोला, माळूताई," दणकोजी म्हणाले.

"मी माझ्या तुकड्यापुरतंच बोलते, साहेब," माळूताई म्हणाली.

दणकोजींना भरून आलं. "शिकलात," ते म्हणाले आणि त्यांनी मंजुरीचा खूर उमटवला.

भेकरभाऊंनी लिहिलं, "हरकत नाही. पाणी प्यालो नाही." मधाचं भांडं तसंच झाकून ठेवलं गेलं. सदस्य जरा हिरमुसले.

सुगंधरावांचा पाचवा अर्ज निकालात निघाला. चालू कारखान्यावरून लोळता येत नाही आणि लोळल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. त्यांनी रस्ता माळाबाहेरून लांबच्या लांब फिरवून नेला. येताजाता ते माळूताईला नमस्कार करायचे. आता ती शेजारची उद्योजिका होती ना.

चौथ्या दिवशी अंडी फुटली. चार पिल्लं बाहेर आली, ओली, मळकी, पाय म्हणजे नुसत्या काड्या. टिटवीची पिल्लं घरात बसत नाहीत. पिसं वाळली की लगेच पळायला लागतात. माळूताई आणि तिचे हे त्यांच्याकडे बघून इतके खूश झाले की दोघंही एकदम ओरडले. उंबराखाली समितीने दचकून पाणी प्यायलं.

पहिलं पिल्लू तुरुतुरु पळत कारखान्याच्या हद्दीपर्यंत गेलं आणि थांबलं. त्याने एकीकडे भट्टीचा धूर पाहिला, दुसरीकडे हाडांचा ढीग पाहिला. मग मधला ओस तुकडा पाहिला, ज्याचा कोणी धनी नव्हता.

"आई," ते म्हणालं, "पळायचं कुठे?"

माळूताईने मधल्या तुकड्यावरून नजर फिरवली. "उद्या एक अर्ज करू," ती म्हणाली. "तयार माल पळवून बघायला जागा हवी म्हणून. एका लोळणीच्या आतली."

"आणि चौघांना एवढीशी कशी पुरेल?"

"मग परवा त्याच्या शेजारची मागू. किड्यांच्या कोठारासाठी. तीही एका लोळणीच्या आतली. मग त्याच्या शेजारची."

तिच्या ह्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "अगं, पण हे तर आपण सुगंधरावांसारखंच..."

"पोरांसमोर असलं काही बोलू नका," माळूताई म्हणाली.

तात्पर्य : सगळ्या माळाची काळजी वाहणाऱ्याला समिती पाणी पिऊन ऐकते, आणि स्वतःपुरतं मागणाऱ्याला मंजुरी देते. म्हणून बाळांनो, मोठेपणी खरं बोलायची वेळ आलीच, तर ते एका लोळणीत बसेल एवढं लहान करून बोलावं. उरलेलं खरं माळावर राहू द्यावं. तिथे ते कोणाच्याच अर्जात येत नाही.